१२,३४,५६,७८९ ची चिरफाड: मोठी संख्या हाती आली की काय-काय करून पाहायचं

मोठी पूर्ण संख्या समोर आली की बहुतेक जण तिच्या अंकांशी खेळू लागतात. अंकांची बेरीज कर, उलटी लिहून बघ, एखादा आकृतिबंध सापडतो का पाहा. त्यात गंमत आहेच. पण अंक हे आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचे असतात. संख्येचं स्वतःचं असं काही असेल, तर ते तिचे मूळ अवयव. ते सापडले की बाकीची बहुतेक उत्तरं दोन-चार गुणाकारांत मिळतात, आणि ते सापडेपर्यंत आपण दाराबाहेरच उभे असतो. म्हणून सगळा जोर अवयवांवर द्यायचा, अंकांचा उपयोग फक्त तिथवर पोचण्यापुरता करायचा.

नमुना म्हणून सगळ्यांच्या तोंडपाठ असलेली संख्या घेऊ: १२,३४,५६,७८९. ती दिसते साधी, पण मधे एका ठिकाणी चांगलीच अडवते. शिकायला अशीच संख्या हवी.

आधी साधनं

कागद-पेन आणि मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरे. साध्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावतच नाही, त्यामुळे तो बाजूला ठेवा. पुढे याहून मोठ्या संख्यांकडे वळलात तर एक सावधगिरी बाळगा. एक्सेलमध्ये पहिले १५ अंकच अचूक राहतात, त्यापुढचे अंक गुपचूप शून्य होतात. भागाकार निःशेष जातो की नाही हे तपासताना शेवटचे अंकच हरवले, तर सगळंच मुसळ केरात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्ण संख्यांना अशी मर्यादा नाही, म्हणून २०-३० अंकी संख्यांसाठी तेच बरं.

पायरी १: वर्गमूळ काढून ठेवा

कुठल्याही संयुक्त संख्येचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतो. दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. म्हणजे शोध कुठे थांबवायचा हे वर्गमूळावरून कळतं.

आपल्या संख्येचं वर्गमूळ ११,१११.१११ च्या अगदी जवळ येतं. ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१, आणि तो वजा केला की उरतात २,४६८. हा २,४६८ कुठेतरी लिहून ठेवा, नंतर अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडणार आहे.

पायरी २: फुकटात मिळणाऱ्या कसोट्या

शेवटचा अंक ९, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ३ ने आणि ९ नेही भाग जातो. कारण सरळ आहे: १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी नेहमी १ राहते, त्यामुळे संख्येची बाकी आणि अंकांच्या बेरजेची बाकी एकच. यातून एक गोष्ट आपसूक हाती लागते. १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून कुठल्याही क्रमाने लिहा, अशा ३,६२,८८० संख्या होतात. त्यातली एकही मूळ नाही, कारण बेरीज ४५ ला कुणी हलवू शकत नाही.

पुढच्या दोन कसोट्या शाळेत फारशा शिकवत नाहीत, पण कामाच्या आहेत. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा: १२३, ४५६, ७८९.

गटांची बेरीज करा: १३६८. ९९९ म्हणजे २७ × ३७, आणि १००० ला ९९९ ने भागलं की बाकी १. त्यामुळे २७ आणि ३७ यांची परीक्षा या बेरजेवरच होते. १३६८ ला २७ ने भागून बाकी १८, ३७ ने भागून बाकी ३६. दोघेही बाद. २७ बाद झाला याचा अर्थ ३ चा घात ९ वरच थांबला.

आता तेच गट एकाआड एक अधिक-उणे करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून ही एकच वजाबाकी तीन मूळ संख्यांचा निकाल लावते. ४५६ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने ५, १३ ने पुन्हा १. तिघेही गेले. ७ च्या कसोटीसाठी शेवटचा अंक दुप्पट करून वजा करायची रीत लोक पाठ करतात. नऊ अंकी संख्येवर ती रीत रडकुंडीला आणते, ही एका दमात होते.

९ ने भागून टाका. हातात राहतात १,३७,१७,४२१. खरं काम इथून पुढे.

पायरी ३: ही मूळ आहे का, हे अवयव न शोधता विचारा

नवशिके इथे थेट १७, १९, २३ असे भागत सुटतात. थांबा. आधी संख्या मूळ आहे की संयुक्त, एवढंच विचारा. मूळ असेल तर भागत बसण्याची सगळी मेहनत वाया जाईल.

फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये मांडलेला छोटा सिद्धांत इथे उपयोगी पडतो. संख्या मूळ (आणि २ पेक्षा मोठी) असेल, तर २ चा तिच्याहून एकाने कमी इतका घात घेऊन तिने भागल्यावर बाकी १ च यायला हवी. आपल्याला २ चा १,३७,१७,४२० वा घात हवा. ऐकायला भयंकर वाटतं, पण तो घात प्रत्यक्ष लिहायचाच नसतो. दर टप्प्याला वर्ग करायचा, गरज असेल तिथे २ ने गुणायचं, आणि लगेच भागून फक्त बाकी ठेवायची. असे २३ वर्ग पुरतात. पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं.

बाकी १ येत नाही. म्हणजे १,३७,१७,४२१ नक्की संयुक्त आहे, आणि हे कळलं तेव्हा तिचा एकही अवयव आपल्या हातात नव्हता. मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

उलट्या बाजूने मात्र गाफील राहू नका. बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ३४१ ही ११ × ३१ आहे, तरी २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागून बाकी १ च येते. नापास म्हणजे नक्की संयुक्त. पास म्हणजे फक्त संशयाचा फायदा.

पायरी ४: कोंडी फोडणं

आता अवयव. १७ पासून मूळ संख्यांनी भागत गेलात तर हाती काहीच लागत नाही. १०० संपतात, ५०० संपतात, हजार संपतात, दोन हजार, तीन हजार. पहिला यशस्वी भाजक सापडतो तो मूळ संख्यांच्या रांगेतला ५०४ वा. संगणकाला त्याचं काही नाही, माणसाचा जीव जातो.

म्हणून दुसरी वाट धरू. ती फर्माचीच आहे, १६४३ सालच्या एका पत्रात त्याने सांगितलेली. कुठल्याही विषम संयुक्त संख्येला दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता येतं. दोन अवयवांची सरासरी घ्या, तिचा वर्ग हा पहिला. त्यांच्यातल्या अंतराचं अर्ध घ्या, त्याचा वर्ग हा दुसरा. हे उलट चालवायचं: संख्येच्या वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यायची, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची, आणि उरलेलं पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. नसेल तर एकाने पुढे सरकायचं.

१,३७,१७,४२१ चं वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ यांच्या मधे आहे. सुरुवात ३७०४ पासून.

३७०४² − १,३७,१७,४२१ = १,३७,१९,६१६ − १,३७,१७,४२१ = २,१९५

हा पूर्ण वर्ग आहे का? वर्गमूळ काढायचीही गरज नाही. ५ ने संपणारा पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो, हा ९५ ने संपतोय. पुढे चला. ३७०५ चा वर्ग नव्याने करू नका. ३७०४ च्या वर्गापेक्षा तो २ × ३७०४ + १, म्हणजे ७,४०९ ने मोठा आहे. म्हणून नवी बाकी २,१९५ + ७,४०९ = ९,६०४.

आणि ९,६०४ म्हणजे ९८ चा वर्ग!

३७०५ − ९८ = ३६०७
३७०५ + ९८ = ३८०३

दुसऱ्याच प्रयत्नात काम झालं. गुणून खात्री करा: ३६०७ × ३८०३ = १,३७,१७,४२१.

इतक्या लवकर का जमलं? दोन्ही अवयव एकमेकांच्या अगदी जवळ आहेत म्हणून. अंतर जितकं कमी तितकी ही रीत वेगवान. एक अवयव लहान आणि दुसरा अवाढव्य असेल तर हीच रीत साध्या भागाकारापेक्षाही रखडते. फर्माने स्वतः २,०२,७६,५१,२८१ ही संख्या अशीच फोडली होती, तिचे अवयव ४४,०२१ आणि ४६,०६१. तेही शेजारी-शेजारीच. याच कारणाने आरएसए या, दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभ्या असलेल्या गुप्तलेखन पद्धतीच्या चाव्या बनवताना दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ नसतील याची काळजी घेतात. नाहीतर शेकडो अंकांची चावीही दोन-चार पावलांत उघडेल. नीट निवडलेल्या संख्या किती चिवट असतात बघा: १२९ अंकी आरएसए-१२९ हे कोडं १९७७ साली जाहीर झालं आणि १९९४ मध्ये सुटलं, २५० अंकी आरएसए-२५० फुटायला २०२० साल उजाडलं.

सांगायचं एवढंच की एका रीतीवर अडून बसू नका. लहान मूळ संख्यांनी थोडं भागून बघा, मग फर्माच्या रीतीची दहा-वीस पावलं चाला. दोन्ही फसल्या तर संगणकाला हाक मारा.

पायरी ५: अवयव मूळच आहेत ना?

ही पायरी लोक गाळतात. ३६०७ दिसते मूळ, पण ३५९९ सुद्धा तशीच दिसते आणि ती निघते ५९ × ६१. ३६०७ चं वर्गमूळ ६० च्या जरा वर, म्हणून ५९ पर्यंतच्या १७ मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. ३८०३ साठी ६१ पर्यंतच्या १८. दहा मिनिटांचं काम आहे. एकानेही भाग जात नाही. तेव्हा शेवटचं रूप:

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

पायरी ६: आता वसुली

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा. ३ चा घातांक २, बाकी दोघांचा १. म्हणून ३ × २ × २ = १२. जोड्या अशा:

१ × १२,३४,५६,७८९
३ × ४,११,५२,२६३
९ × १,३७,१७,४२१
३,६०७ × ३४,२२७
३,८०३ × ३२,४६३
१०,८२१ × ११,४०९

सगळ्या विभाजकांची बेरीज हवी असेल तर बाराही संख्या मांडत बसू नका. (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. यातून संख्या स्वतः वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात, म्हणजे संख्येच्या निम्म्याहूनही कमी. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येइतकीच भरते. तेव्हा ही परिपूर्ण संख्या नाही, तिच्या आसपासही नाही. ती न्यून संख्या आहे.

१ पासून इथपर्यंतच्या किती संख्या हिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या? ऑयलरच्या फाय फलनाचं उत्तर: ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. हे सूत्र नुसतं घोकू नका, एकदा हाताने पडताळा. ३ ने भाग न जाणाऱ्या संख्या दोन-तृतीयांश, म्हणजे ८,२३,०४,५२६. त्यातून ३६०७ च्या पटी वगळायच्या. त्या एकूण ३४,२२७, पण त्यातल्या एक-तृतीयांश ३ च्या पटी म्हणून आधीच गेल्या, उरल्या २२,८१८. ३८०३ च्या पटींतून तसंच २१,६४२. दोघांच्याही पटी असणाऱ्या ६ संख्या दोनदा वगळल्या गेल्या, त्या परत घ्यायच्या. ४४,४५४ वजा झाले आणि उत्तर बरोब्बर ८,२२,६०,०७२. सूत्रात काय चाललंय हे असं एकदा केलं की पुन्हा विसरत नाही.

लागोपाठच्या संख्यांची बेरीज म्हणून ही किती प्रकारे लिहिता येते? विषम विभाजकांच्या संख्येतून एक वजा करा. इथे बाराही विभाजक विषम, म्हणून ११ प्रकार. सगळ्यात सोपा ६,१७,२८,३९४ + ६,१७,२८,३९५.

पायरी ७: वर्गांचे प्रश्न

दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहायचं तर विभाजकांची प्रत्येक जोडी एक प्रकार देते. सहा जोड्या, सहा प्रकार. शेवटच्या जोडीतून सगळ्यात आटोपशीर मिळतो: ११,११५² − २९४².

बेरजेचं प्रकरण जास्त रंगतदार आहे. संख्येला ४ ने भागून बाकी ३ आली असती तर दोन वर्गांची बेरीज अशक्य, हे तिथल्या तिथे कळलं असतं. पण ८९ ला ४ ने भागून बाकी १ येते, म्हणजे वरवर पाहता आशा आहे. निकाल आतले अवयव लावतात. ४ ने भागून बाकी ३ देणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेला भाग देत असेल, तर ती त्या दोन्ही संख्यांनाही भाग देते, आणि मग तिचा वर्गही बेरजेला भाग देतो. ३६०७ ची बाकी ३ आहे, आणि ३६०७ आपल्या संख्येत एकदाच येते. झालं, दोन वर्गांची बेरीज शक्य नाही. ३८०३ चीही तीच गत. ३ मात्र दोनदा आल्यामुळे निर्दोष सुटतो.

तीन वर्ग चालतील का? लजांद्रचा नियम सांगतो की संख्येतून ४ चे शक्य तितके गुणक काढल्यावर उरलेल्याला ८ ने भागून बाकी ७ आली, तरच तीन वर्ग अपुरे पडतात. आपली संख्या विषम, ८ ने भागून बाकी ५. तेव्हा चालतील. पण कुठले? मघाचे २,४६८ काढा. ते ४ × ६१७ आहेत, आणि ६१७ = १९² + १६². दुप्पट करून ३८² + ३२² = २,४६८. म्हणून:

१२,३४,५६,७८९ = ११,१११² + ३८² + ३२²

पायरी ८: अंकांचे गुण वेगळ्या वहीत

द. रा. कापरेकरांनी हर्षद संख्या म्हणून एक जात सांगितली: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या. आपली बेरीज ४५, शेवटचा अंक ९, त्यामुळे ५ नेच भाग जात नाही, तर ४५ ने कुठून जाणार? हर्षद नाही. पण हा गुण दहाच्या पायावर अवलंबून आहे. हीच संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर २७ अंकी होते, तिच्यात १ हा अंक १६ वेळा येतो, आणि एक-दोन-तीन-चारची ती सुंदर रांग कुठल्या कुठे जाते. ३६०७ आणि ३८०३ मात्र कुठल्याही पायात तेच राहतात. टिपणं काढताना हे दोन प्रकारचे गुण एकाच यादीत कोंबू नका.

सरावाला: ९८,७६,५४,३२१

आधी दोघींचा मसावि काढा. युक्लिडच्या रीतीने मोठीला लहानीने भागा: भागाकार ८, बाकी ९. आणि ९ ने लहानीला निःशेष भाग जातो. एवढ्यात संपलं, मसावि ९.

पुढे ९ ने भागून १०,९७,३९,३६९ घ्या. इथे फर्माच्या रीतीच्या नादी लागू नका, साधा भागाकार करा. १७ ने भाग जातो, आणि पुन्हा १७ ने जातो. उरतात ३,७९,७२१. ही मूळ आहे. खात्रीसाठी ६१३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागावं लागेल, ते संगणकाला करू द्या. विभाजक १८. या वेळी ४ ने भागून बाकी ३ देणारा अवयव फक्त ३, आणि तोही दोनदा. म्हणून सुलट्या संख्येला जे जमलं नाही ते उलटीला जमतं. ३,७९,७२१ = ६११² + ८०², दोन्हींना ३ × १७ म्हणजे ५१ ने गुणा:

९८,७६,५४,३२१ = ३१,१६१² + ४,०८०²